मिठाबिगर

बॅगेतून काढून ओट्यावर ठेवला
तेव्हा आई म्हणाली, "हे काय व, सरपन आनलं?"

हातभर कॉड मासा.
बिनडोक्याचा, वाळून खडखडीत.
तिनं बत्त्यानं ठोकून पाहिला, कानाशी धरला,
आणि भोईपुऱ्यात चाळीस वर्षं
सुकट-बोंबील विकलेल्या त्या बाईनं
त्याच्या कडेला जिभेचं टोक लावलं.

"मीठ नाही याले."
"नसतंच."
"मिठाबिगर वाळते? कशानं?"
"वाऱ्यानं."
"वाऱ्यानं," ती म्हणाली,
उधारीच्या वहीतला चुकलेला आकडा
पुन्हा वाचावा तसं.

मे महिना. पंचेचाळीस अंश.
आमच्या गल्लीत वारा म्हणजे
खिडकीतल्या पत्र्याच्या पेटीतून
वाळ्याचा वास घेऊन येतं ते.

मी सांगू लागले.
मत्स्य कॉलेजानं पाठवलेलं, मासा टिकवायचं शिकायला.
दोन विमानं, तीन बोटी,
शेवटची आठवड्यातून दोनदाच.
बेटावर एकेचाळीस माणसं. बेचाळिसावा दवाखान्यात,
त्याला धरायचं की नाही
यावर दुकानात वाद चाललेला.
दुकान मंगळवारी आणि शुक्रवारी.
शाळेला कुलूप नाही. पोरंच नाहीत.
फळ्यावर कुणीतरी सोडवलेला भागाकार तसाच,
बाकी एक.

आणि घरांहून उंच लाकडी मांडव,
बिनलग्नाचे,
शेपटीला शेपूट बांधून उलटे टांगलेले मासे, हजारो.
रात्री वारा सुटला की एकमेकांवर आपटत.
पहिल्या रात्री मला वाटलं, कुणी दार वाजवतंय.
उठून उघडलंसुद्धा.

उतरले होते ओद्दब्योर्गबाईंकडे.
वय शहात्तर. अंगठ्यावर
आईच्या आहे तिथेच, तशीच आडवी चीर.
त्यांनी विचारलं, तुमच्या गावाहून समुद्र किती लांब?
म्हटलं, कुठल्याही बाजूला जा, रात्रभराची रेल्वे.
बराच वेळ त्या कपातली कॉफी बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"वादळ येतंय हे तुम्हाला कळतं तरी कसं?"

"तुया बापाच्या सायकलीच्या घंटीवरून,"
आई म्हणाली. "सांगाचं होतं तिले."

पाच दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलून.
"पाच दिवस? इथं कूलरले पानी भेटत नाही
आन् याले आंघोळ?"
पण पहाटे नळ आला की
पहिली बादली त्याची.
तिसऱ्या दिवशी शेजारच्या बेसरबाई पदर नाकाला लावून
कोण गेलं विचारायला आल्या.
आई म्हणाली, "पाहुना हाये. लांबून आला."

सहाव्या दिवशी धने, खसखस, दगडफूल,
वर बोटभर तेलाची तर्री.
पहिला घास तिनं घेतला. चावत राहिली.
मी वाट पाहिली.
"चव नाही," ती म्हणाली,
"पन मासा हाये."
आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आता ती मुंगवड्या घालते आहे गच्चीवर,
जुन्या लुगड्यावर, रांगेनं.
दोन दिवसांत दगड होतात.
एक डबा ओद्दब्योर्गबाईंना.
"तिले सांग, वाऱ्याचं काम आमच्याकडं ऊन करते.
आन् रस्सा पातळ ठेवजो म्हना."

पोस्टातल्या पोरानं पत्ता दोनदा वाचला.
संगणकात बेट सापडेना.
"मॅडम, पिनकोडात दोन आकडे कमी आहेत."
मी म्हटलं, चारच असतात तिथं.
माझ्या मागून आई, डबा छातीशी धरून:
"बाप्पा, मानसंच कमी हायेत ना थ्या गावात.
तू लाव तिकीट."